परतीचे कारण आई, की आणखी काही?

‘आईवडिलांसाठी सगळे सोडून परत आलो आणि आता वाटते आहे की चूक झाली, पुन्हा जावे का?’ अमेरिकेतून परतलेली मराठी कुटुंबे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. यातला पहिला अर्धा भाग सर्वांनी गृहीत धरलेला असतो आणि सारी चर्चा दुसऱ्या भागाची चालते. माझा अनुभव असा की गाठ बहुतेक वेळा पहिल्याच भागात असते. पुढील कुटुंब ओळखू येणार नाही इतके तपशील मी बदलले आहेत. त्यांचा पेच मात्र बदललेला नाही.

गृहस्थ मूळचे सांगलीचे, संगणक अभियंते. २००८ मध्ये ते एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत न्यू जर्सीला गेले, पाठोपाठ पत्नी गेल्या, मुलगी तिथेच जन्मली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिघे परतले. वडील वारल्यापासून आई सांगलीत एकट्याच होत्या. परंतु मनाजोगती नोकरी पुण्यातच मिळण्यासारखी असल्यामुळे बिऱ्हाड बाणेरला झाले. पुण्याहून सांगली म्हणजे गाडीने चार-पाच तासांची वाट. त्यामुळे आईसाठी परतलेला मुलगा आईला महिन्यातून एकदा, फार तर दोनदा भेटत होता, आणि भेट झाली की दुसऱ्या दिवशी दोघांचे कशावरून तरी वाजत होते.

माझ्याकडच्या पहिल्या भेटीत गृहस्थ वाहतूक, हॉर्न, सोसायटीच्या सभेतली भांडणे आणि रात्री दहा वाजता येणारे कचेरीचे फोन यांवरच बोलले. या तक्रारी खोट्या नसतात, पण त्या सोयीच्या असतात, कारण रस्त्यावरच्या खड्ड्याविषयी बोलताना कोणालाही घरातल्या कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. परक्या देशात गेल्यावर उडणाऱ्या गोंधळाचे वर्णन कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये केले, आणि मायदेशी परतल्यावर तसाच गोंधळ पुन्हा उडतो हे गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये परदेशांतून परतलेल्या अमेरिकी अभ्यासकांच्या संदर्भात मांडले. हे मी त्यांना सांगितले, कारण आपले वेडेवाकडे वाटणे नेहमीचेच आहे हे कळल्याने माणसाला थोडा श्वास घेता येतो. तरीही हा गोंधळ सहसा हळूहळू सरतो. यांची चिडचिड महिन्यागणिक वाढत होती आणि तिचा रोख आईंकडे वळू लागला होता.

नंतर पती-पत्नींना मी वेगवेगळे भेटले आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला: ‘समजा आई आज नसत्या, तर तुम्ही परत आला असता का?’

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आलो असतो. कदाचित लवकरच आलो असतो.’ त्यानंतर जे बाहेर आले त्यात सांगली कुठेच नव्हती. ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या रांगेत ते २०१४ पासून उभे होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. २०२२-२३ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रात कपातीच्या लाटा आल्या, तेव्हा त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे दोघे एका सकाळी नाहीसे झाले. एच-वन-बीवरील माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. हे गृहस्थ वाचले. पण पुढे दर सोमवारी लॅपटॉप उघडताना पासवर्ड चालतो की नाही, हे ते छातीत धडधड घेऊन पाहत असत. पंधरा-सोळा वर्षे राबून, घर घेऊन, कर भरून शेवटी आपण ६० दिवसांचे पाहुणे, ही गोष्ट त्यांना सोसेनाशी झाली होती. ते दमले होते, आणि दमून परतणे त्यांना हरण्यासारखे वाटत होते. ‘आईसाठी आलो’ या वाक्याने नातेवाइकांत मान राहिला. स्वतःच्या नजरेतही राहिला.

अशा कारणाला मी खोटे म्हणत नाही. आईची काळजी त्यांना होतीच. परंतु तो निर्णय संपूर्णपणे आईंच्या नावावर चढवल्यामुळे दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही महागात पडल्या.

पहिली पत्नीच्या बाबतीत. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावर त्यांनी सुरुवातीची वर्षे घरात काढली होती. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी असूनही काम करण्याची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला, ग्रीन कार्डच्या रांगेत पुरेशा पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, आणि त्या एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात लागल्या. परतताना त्या विभागाच्या उपप्रमुख होत्या. ‘हे म्हणाले, आईसाठी जायला हवं. आता आईच्या नावापुढे मी काय बोलणार? माझ्या नोकरीचं नाव काढलं असतं, तर मी वाईट सून ठरले असते,’ असे त्या शांतपणे म्हणाल्या. परतीला त्यांचा सरसकट विरोधही नव्हता. ज्याच्याशी वाद घालताच येत नाही असे कारण पुढे आल्यामुळे त्यांच्या जवळजवळ नऊ वर्षांच्या मेहनतीचे काय, हा प्रश्न घरात कधी विचारलाच गेला नाही, आणि न विचारलेला तो प्रश्न आता भाजी-पोळीवरून, शाळेच्या बसवरून बाहेर पडत होता.

दुसरी गोष्ट खुद्द आईंच्या बाबतीत. एका बैठकीत आम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतले. वय शहात्तर, आवाज खणखणीत. मुलाने सांगलीच्या घरात परस्पर नवा फ्रिज आणून ठेवला होता, न्हाणीघरात दांडे बसवले होते आणि पुण्याला येऊन राहण्याचा लकडा लावला होता. त्या म्हणाल्या, ‘अरे, मी तुला कुठं बोलावलं होतं? सकाळी आमराईत फिरायला जाते, मंगळवारी गणपतीला जाते, माझं भजनी मंडळ आहे. सगळ्यांना सांगतोस आईसाठी आलो, आणि दोन दिवस राहिलास की माझ्यावरच डाफरतोस. शेजारच्या काकू मला म्हणतात, तुमच्यामुळं पोरानं एवढी नोकरी सोडली. मला खाली मान घालावी लागते.’ मुलगा हे प्रथमच ऐकत होता. आपल्यामुळे लेकराचे नुकसान झाले, हे ओझे मागणी न करताच त्या माउलीच्या डोक्यावर आले होते, आणि त्या ओझ्याच्या बदल्यात त्यांनी कृतज्ञ राहावे, मुलाचे ऐकावे, बिऱ्हाड हलवावे, अशी अपेक्षाही त्याच्याही नकळत तयार झाली होती.

मुलीशी मी एकटीशी बोलले. तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांसमोर खरे सांगता येत नाही. महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० चा आहे, त्यामुळे न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी वर्गातली तिची तोंडओळख इथे अपुरी पडत होती. पण तिचे दुःख ते नव्हते. ती तिथे सायकलने एकटी वाचनालयात जायची. बाणेरच्या रस्त्यावर तिला एकटीला कोणी सोडत नव्हते. वाढत्या वयात मोकळीक वाढायची, तिची कमी झाली होती. आईवडिलांना हे सुचले नव्हते, आणि सोसायटीच्या फाटकासमोरच्या ग्रंथालयापर्यंत तिला एकटीला जाऊ द्यावे, एवढ्यावर तोडगा लगेच निघाला. काही प्रश्न इतके लहान असतात आणि तरी महिनोन्‌महिने अडून राहतात.

‘पुन्हा जावे का?’ या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. परतल्यावर पहिले वर्ष सरेपर्यंत तो निर्णय घेऊ नये, एवढे मात्र आग्रहाने सांगते. वाट पूर्वीसारखी मोकळी असेल असे धरून चालणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ मधील, देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा लक्षात घ्यावी. पैशांचे आणि करांचे हिशेब सनदी लेखापालाकडे न्यावेत. समुपदेशकाकडे ते आणल्याने फक्त वेळ जातो.

या घरात पुढे जे झाले ते पती-पत्नींच्या एका लांबलेल्या, काहीशा कडवट रात्रीच्या बोलण्यातून झाले. आपण दमलो होतो म्हणून आलो, हे गृहस्थांनी पत्नीला स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यावर त्या रागावल्या, कारण हे आधी कळले असते तर निदान वेळ, शहर आणि त्यांची नोकरी यांवर बोलता आले असते. राग योग्य होता आणि तो काही आठवडे टिकला. मग त्यांनी पुण्यातल्या एका रुग्णालयात अर्ज केला. पद तिथल्यापेक्षा दोन पायऱ्या खालचे मिळाले, ते त्यांनी कुरकुरतच घेतले. आई सांगलीतच राहिल्या, दिवसभरासाठी एक बाई ठेवली, तीही आईंनी स्वतः निवडलेली. मुलगा ठरलेल्या शनिवारी जातो आणि घरातले काही दुरुस्त करीत नाही. अमेरिकेचा विषय मुलीच्या दहावीपर्यंत बाजूला ठेवला आहे. ती तिथली नागरिक असल्याने तिची वाट वेगळी असू शकते, आणि तेव्हा तिचे मतही धरले जाईल. जायचे ठरो वा राहायचे, त्याचा संबंध आईंच्या तब्येतीशी जोडला जाणार नाही, हे गृहस्थांनी सांगलीला जाऊन आईंना आणि शेजारच्या काकूंनाही सांगितले.