असामान्य नव्हे, अपसामान्य

प्रश्न असा आहे: मानसशास्त्रात 'अ‍ॅबनॉर्मल' वर्तनाला 'असामान्य' म्हणावे की 'अपसामान्य', आणि तसे वर्तन ठरवतात कशावरून?

अपसामान्यच. मराठीत धैर्य असामान्य असते, प्रतिभा असामान्य असते. तो गौरवाचा शब्द आहे. तरी बातम्यांत आणि भाषणांत रुग्णाच्या वागण्याला तो सर्रास चिकटवला जातो. हिंदीत 'असामान्य मनोविज्ञान' रूढ आहे म्हणून मराठीने आपला अर्थ सोडायचे कारण नाही. 'विकृत'ची तर शिवी झाली आहे, तो शब्द टाळाच.

'अपसामान्य' हा टेबलावर बसून पाडलेला शब्द आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्याची घडण पाहिलेली नाही. लॅटिन 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. 'नॉर्मल' म्हणजे गुण्याला लागणारा, काटकोनातला; भूमितीत 'नॉर्मल'ला आपण अभिलंब म्हणतो, तिथे तो काटकोन अजून जिवंत आहे. 'अ‍ॅब' म्हणजे पासून दूर, आणि आपला 'अप' त्याचा सख्खा भाऊ. पण खरी गंमत पुढे आहे. 'अ‍ॅबनॉर्मल'च्या घडणीत एक ग्रीक शब्दही आहे, 'अनोमालोस': 'अन्' म्हणजे नाही, 'होमालोस' म्हणजे सपाट; जे सपाट नाही ते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याची 'नॉर्मा'शी गल्लत झाली आणि खडबडीत जमिनीच्या शब्दात गुण्या घुसला. होमालोसच्या मुळाशी असलेला 'होमोस' हा संस्कृत 'सम'चा सगोत्र आहे. म्हणजे अनोमालोस हा आपला 'विषम'च! 'अपसामान्य'मध्ये लॅटिनकडचा 'अप' आहे आणि ग्रीककडचा 'सम'ही. माझ्या मते हा प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा सरस उतरला आहे. 'अनोमालोस' हा 'नोमोस' म्हणजे नियम यावरून आला, असे अजूनही सांगितले जाते. मग त्यातला 'ल' कुठून आला? नियम न मानणाऱ्यासाठी ग्रीकमध्ये 'अनोमोस' हा वेगळा शब्द आहेच.

आता निकष. नुसती दुर्मिळता पुरत नाही: बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या फैलावाचे माप, 15 धरले, तर 70च्या खाली आणि 130च्या वर सारखेच, प्रत्येकी सुमारे 2 टक्के लोक येतात. वरच्यांना खुशाल असामान्य म्हणा. समाजाचा संकेत हा गुण्या तर स्वतःच सरकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, तेव्हा वागणे तेच होते, माप बदलले. म्हणून दुर्मिळता किंवा संकेतापासून ढळणे याबरोबर पीडा, रोजच्या कामात येणारी बाधा आणि स्वतःला किंवा इतरांना असलेला धोका हेही पाहतात. एकटा निकष फसतो. उन्मादात (मॅनिया, मनःस्थिती अतिरेकी उंचावण्याची अवस्था) माणसाला पीडा जाणवेलच असे नाही, उलट तो अनेकदा खुशीत असतो, पण नोकरी आणि पैसा दोन्ही हातचे जाऊ शकतात. धोका तर बहुतेक रुग्णांत नसतोच. त्याच अमेरिकन संघटनेच्या निकषांनुसार नैराश्याच्या निदानाला 9पैकी किमान 5 लक्षणे सलग 2 आठवडे लागतात, त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा कशातच रस न उरणे यांपैकी एक हवेच, आणि त्यामुळे लक्षणीय पीडा किंवा कामात बाधा झालेली असावी लागते.