आधी बूड दाखव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले नऊही फोटो पाहिले. सात समोरून, एक मानेचा, एक बुडाचा. तोही हललेला! फुलदाणी देखणी आहे यात वाद नाही. पण "अस्सल आहे का?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर जिथे सापडायचं, नेमकी तीच जागा धड दिसत नाही. बैलबाजारात शिंगांचा रंग बघून कुणी पैसे मोजत नाही, आधी जबडा उघडून दात बघतात. चिनी मातीच्या भांड्याचे दात त्याच्या बुडाशी असतात.

भांडं भट्टीत ज्या कडेवर उभं राहतं तिथली झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, पुसून काढावी लागते, नाहीतर तेराशे अंशांच्या आसपासच्या आचेत ती वितळून भांडं खालच्या बैठकीला चिकटेल. त्यामुळे आतली माती उघडी दिसते ती फक्त त्या कडेला. तिच्यावरून बोट फिरव. कांगशी बादशहाच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) चांगल्या भांड्यांची कड गोलसर घासलेली, तुकतुकीत लागते. चिनी जाणकार तिला चिखलातल्या एका निसरड्या माशाच्या पाठीची उपमा देतात. नकलेची कड बहुधा धारदार किंवा खडूसारखी कोरडी असते. ती जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी नाहीतर तपकिरी रंग फासतात. खरा मळ बारीक खाचांत जाऊन बसतो आणि उंचवटे टेकून टेकून पुसले जातात. फासलेला रंग मात्र सगळीकडे सारखाच.

मग भिंग घे, दहापट दाखवणारं पुरे. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे आडवेतिडवे, कमीजास्त खोल आणि हात लागतो तिथेच असतात. पॉलिश पेपरचे एका दिशेने जातात. झिलईची नवी चकाकी घालवायला आम्लात बुडवलेलं भांडं सगळीकडून सारखं मंद दिसतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. नक्षी वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखी ठिपक्याठिपक्यांची दिसली तर तो छापील कागद चिकटवून भाजलेला माल, पुढे बघायचं कारण नाही. शेवटी हात आत घाल. मोठी फुलदाणी चाकावर दोन-तीन तुकड्यांत घडवून जोडत, त्यामुळे पोटाच्या आतून आडवा सांधा बोटांना लागतो. उभी शिवण लागली तर साच्यात ओतलेली समज.

आता तुझा लाडका शिक्का. तळाशी निळ्या अक्षरांत सहा चिन्हं आहेत: महान मिंग घराण्याच्या चेंगहुआ काळात घडवलेले. तू इंटरनेटवरून ते बरोबर लावलंस, म्हणून तुझा ऊर भरून आला. माझा नाही आला. चेंगहुआ बादशहाचा काळ १४६५ ते १४८७. त्याचा कोंबड्यांची चित्रं असलेला, तळहातात मावणारा एक प्याला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. असं नाव तळाशी काढायला कुंचल्याचे चार फटकारे लागतात. आणि ते काढणारा दर वेळी लबाडच असतो असंही नाही. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या भांडी घडवणाऱ्या मुख्य गावाच्या, स्थानिक अधिकाऱ्याने राज्य करणाऱ्या बादशहाचं नाव भांड्यांवर घालायला बंदी केली: भांडं फुटून ते नाव उकिरड्यात पडलं तर अपमान. कारागिरांनी मग मागच्या मिंग घराण्यातल्या बादशहांची नावं घातली, किंवा नुसतं एखादं पान, किंवा रिकामं दुहेरी वर्तुळ. म्हणजे चेंगहुआचा खोटा शिक्का असलेलं भांडं खरोखर तीनशे वर्षांचं असू शकतं. शिक्का बघ, पण सगळ्यात शेवटी.

तुझ्या फुलदाणीबाबत माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच कारणाने. तिच्या निळ्यात काळपट ठिपके आहेत. ती ओळख चेंगहुआची नाही, त्याच्या आधीच्या शुआंदे काळाची (१४२६ ते १४३५). तेव्हा निळ्या रंगासाठी पश्चिमेकडून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह जास्त असे. रंग दाट साचला की तिथे काळे डाग पडत आणि ते झिलईत रुतत, बोटाला किंचित खळगा लागे. चेंगहुआचा निळा सहसा मऊ, फिकट असतो. शिवाय त्या काळची नाव घेण्यासारखी भांडी बहुतेक लहान, आणि तुझी फुलदाणी दीड फुटाची. पुढे अठराव्या शतकात तर शुआंदेचे ते डाग कुंचल्याच्या टोकाने मुद्दाम टिपत. तुझ्या फोटोतले ठिपके मला असेच मोजूनमापून ठेवल्यासारखे वाटतात.

हसू नकोस, पण याहून ढोबळ चूक मी केली आहे. तिशीत असताना मिंग शिक्क्याची एक बशी दोन महिन्यांचा पगार देऊन घेतली. गुलाबी फुलं, काय ती नजाकत! एका म्हाताऱ्या जाणकारांना दाखवली. त्यांनी हातातही घेतली नाही. लांबूनच म्हणाले, "हा गुलाबी कुठून आणला?" तो गुलाबी सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून होतो, आणि चिनी भांड्यांवर तो येतो १७२० च्या सुमारास. मिंग घराण्याची राजधानी पडली १६४४ मध्ये. बशी अजून माझ्याकडे आहे, तिच्यात चाव्या ठेवतो.

एक गुंता मात्र आधीच सांगून ठेवतो. नक्कल म्हणजे टाकाऊ, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. तांग यिंग हा अधिकारी १७२८ पासून जिंगदेझेनच्या शाही भट्ट्यांचं काम बघत होता. त्याच्या देखरेखीखाली मिंग आणि त्याहून जुन्या सुंग काळच्या भांड्यांच्या नकला बादशहाच्याच हुकमाने झाल्या, आणि आज त्यांना कोट्यवधी मोजतात. तेव्हा "खरं की खोटं" असं न विचारता "कधीचं, कुणासाठी केलेलं" असं विचारत जा.

विक्रेत्याने सांगितलेली कथा पत्रात लिहिलीस: पारशी बंगला, चीनच्या कँटन बंदराहून आलेली पेटी. पारशी व्यापाऱ्यांनी कँटनहून चिनी भांडी आणली हे अगदी खरं. पण चोरबाजारात इतक्या वर्षांत ऐकलेले पारशी बंगले मोजले तर सगळ्या मलबार हिलवर मावणार नाहीत.

मुंबईचीच एक गोष्ट खरी सांगतो. चिनी भांड्यांचे नामांकित संग्राहक पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. त्यांच्या संग्रहातल्या दोन निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांच्या मानेवर लेख आहे, त्यात १३५१ सालाची तारीख. १९२० च्या दशकात लंडनच्या बाजारात लोक म्हणाले, मिंगच्या आधी असलं काम होतच नव्हतं, तेव्हा खोट्या असणार! आज चौदाव्या शतकातली निळी-पांढरी भांडी ओळखायला त्याच दोघींचा आधार घेतात. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाकी भांडी तेव्हाही तीच होती, बदललं ते लोकांचं मत.

हाताला वळण लागायला अस्सल वस्तू डोळ्यांखालून जाव्या लागतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी आहेत. एका फेरीत सगळी बघू नकोस. एका कपाटापुढे अर्धा तास उभी राहा, झिलईचा पांढरा कसा हिरवट-निळसर झुकतो ते बघ, घरी येऊन आठवून काढ. आणि तुटकी भांडी विकत घे. फुटलेल्या कडेला माती आणि झिलई एकमेकांत कशी मुरली आहे ते जितकं कळतं तितकं शंभर फोटोंत कळत नाही. शिवाय किमतीला परवडतात. भांडं कधी भाजलं ते सांगणाऱ्या प्रयोगशाळेच्या चाचणीचं विचारलं होतंस. त्यासाठी बुडातून भोक पाडून नमुना काढतात, खर्च येतो, आणि कृत्रिम किरणोत्सर्ग देऊन ती चाचणी फसवताही येते. तुझ्या फुलदाणीला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

उरलेले पैसे अजून दिले नाहीस ना? देऊ नकोस. विक्रेत्याला सांग, आठ दिवस घरी ठेवून बघते. रविवारी घेऊन ये. मानेला धरून उचलू नकोस, एक हात बुडाखाली. आणि कृपा करून साबणाने धुऊ नकोस. ती घाण मला बघायची आहे.