बोटीच्या इंजिनाला दुसरा सेल्फ घेताना फ्लायव्हीलशी कसा जुळवायचा?

तुम्ही लिहिलंय की बोटीच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) जळाला, भंगारातून ट्रकचा आणला, बोल्ट मुकाट बसले, पण बटण दाबलं की नुसतं कर्रर्र. घेताना काय बघायला हवं होतं?

मी इंदूरला सेल्फ-डायनामोची दुरुस्ती करतो. समुद्र इथून लांब, पण नर्मदेवरच्या ओंकारेश्वर-महेश्वरच्या बोटींची इंजिनं येतात. अशाच एका इंजिनात मी स्वतः फसलोय. जुनं पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) आणि नवं, दोन्ही व्यासाला ३३ मिमीच्या आसपास. सारखी दिसली, लावून मोकळा झालो. कर्रर्र ऐकल्यावर दाते मोजले, तर जुन्याला ११, नव्याला ९! म्हणजे जुनं अडीच मॉड्यूलचं, नवं तीनचं. मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप, ते दोन्ही चाकांना सारखंच लागतं. तोवर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवरच्या दातेरी रिंगच्या दोन दात्यांचे कोपरे उडाले होते.

म्हणून सुरुवात रिंगपासून. बॅटरीची वायर काढा, एका दात्यावर खडूची खूण करा आणि इंजिन हाताने फिरवत दाते मोजा. दोनदा मोजा, एखादा हमखास चुकतो. मग रिंगचा बाहेरचा व्यास घेऊन त्याला दाते अधिक दोन याने भागा. १२८ दाते आणि ३२५ मिमी असेल तर मॉड्यूल अडीच. पिनियनला हाच हिशोब लावा. त्याचे दाते बरेचदा थोडे उंच कापलेले असतात, त्यामुळे आकडा जरा वर येतो.

मॉड्यूल जुळलं तरी सेल्फ किती अंतरावर बसतो ते उरतंच. शेवरलेटच्या व्ही-८ इंजिनाला १५३ आणि १६८ दात्यांची फ्लायव्हील येतात. दात्याचं माप एकच, पण मोठ्या चाकाला सेल्फ बाहेर सरकलेला लागतो, म्हणून त्याचा नोजच (पिनियनकडचा पुढचा भागच) वेगळा. पिनियन हाताने रिंगमध्ये ओढून बघा, दात्यांत अर्धा-पाऊण मिमी ढील हवी. तुमचा सेल्फ गोल फ्लँजचा (समोरून बोल्टने बसणाऱ्या गोल कडेचा) असेल तर शिम (पातळ पत्री) घालून ही ढील बदलत नाही, पिनियन फक्त मागे जातं. ‘शिम टाका, होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

दिशाही बघा. जोडइंजिनाच्या बोटीत कधीकधी एक इंजिन उलटं फिरतं. मोटर उलटी फिरवून भागत नाही, कारण बेंडिक्समधला (पिनियन बसवलेल्या भागातला) क्लच एकाच दिशेला पकडतो. शिवाय ट्रकच्या सेल्फचं अर्थिंग बहुतेक वेळा बॉडीतूनच जातं. तुमच्या जुन्याला दोन्ही वायरी वेगळ्या असतील तर ट्रकचा नको. पेट्रोल इंजिन असतं तर मी ट्रकच्या सेल्फला हातच लावू दिला नसता. पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते आणि उघड्या ब्रशची एक ठिणगी पुरते.

आता नवा घेण्याआधी टॉर्च मारून रिंग पूर्ण फिरवून बघा. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दातेही तिथेच खाल्लेले असतात. कोपरे उडालेले दिसले तर आधी रिंग बदला, सेल्फ नंतर. दात्यांची संख्या आणि व्यास इथे लिहा, मॉड्यूल मी काढून देतो.