जाहिरातींचा आवाज: शब्दाचा नियम आहे, आकड्याचा हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्री बाळ झोपलं की तुम्ही मालिका अगदी हळू आवाजात लावता. ब्रेक लागला की टीव्ही एकदम ओरडतो आणि बाळ दचकून उठतं. गिरगावातली चाळ, भिंती पातळ, ब्रेक लागल्याचं शेजारच्या काकूंनाही कळतं. तर सरकारने याला लगाम घालावा, की "सरकारला दुसरी कामं नाहीत का" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर? तुमच्या प्रश्नाखाली एकांनी लिहिलंय, "रिमोट हातात आहे ना, म्यूट करा."

माझं मत स्पष्ट आहे. लगाम घालावा, आणि तो आकड्यात घालावा. मी गेली बावीस वर्षं अंधेरीत साउंड मिक्सिंग करतोय, मालिकांचंही आणि जाहिरातींचंही. ज्या आवाजाने तुमचं बाळ उठतं, तो आमच्यासारख्यांच्या टेबलावरच तयार होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज. ब्रेक लागला की चॅनेलवाले आवाजाचं बटण फिरवतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं करायची गरजच पडत नाही. पूर्वापार आवाज तपासला जायचा तो पीक मीटरवर, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक कुठे पोचतं एवढंच बघून. मालिकेत सासू-सुनेचं बोलणं खालच्या पट्टीत चाललेलं असतं, मध्येच एखादं दार आपटतं आणि फक्त तेवढंच टोकाला जातं. जाहिरातीत आम्ही कॉम्प्रेसर लावून खालचे सगळे आवाज वर आणतो आणि लिमिटर लावून टोकं दाबतो. मग वीस सेकंदांतला प्रत्येक शब्द, प्रत्येक टाळी, प्रत्येक झांज त्या रेषेला चिकटून बसते. मीटरवर मालिका आणि जाहिरात दोन्ही सारखीच उंच दिसतात. कानाला जाहिरात दुप्पट वाटते.

सकाळी साडेआठची विरार फास्ट बघा आणि तीच गाडी रविवारी दुपारी बघा. डबे बाराच, डब्याची उंची तीच. पीक मीटर डब्याची उंची सांगतो. कान आतली माणसं मोजतो. त्यात दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि उच्चार ठसठशीत करायला आम्ही नेमका तोच पट्टा वर उचलतो.

हे मोजता येत नव्हतं तोवर नियम करणं खरंच कठीण होतं. पण २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस १७७० नावाची पद्धत दिली. ती टोक न बघता कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजते. त्याचं एकक एलयूएफएस, स्टुडिओत आम्ही 'लफ्स' म्हणतो. युरोपच्या प्रसारकांच्या संघाने २०१० मध्ये ईबीयू आर १२८ नावाचं मानक आणून उणे २३ लफ्स ही पातळी ठरवली (उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज हळू). अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहिरातींच्या आवाजावरचा 'काम' (इंग्रजीत CALM, म्हणजे शांत) कायदा झाला. संसदेत तो तिथल्या खासदार ॲना एशू यांनी लावून धरला होता, सही ओबामांची. १३ डिसेंबर २०१२ पासून तिथल्या चॅनेल्सना तो लागू आहे आणि तिथली पातळी उणे २४ आहे. म्हणजे आता हा आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही. दुधाचं फॅट मोजावं तसं हे मोजता येतं.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे नियमच नाही असं समजू नका. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७ मध्ये जाहिरातींची आचारसंहिता आहे. जाहिरातीचं चित्र आणि आवाज 'अतिशय मोठा' नसावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आहे का कुणाला माहीत? आणि माहीत असूनही उपयोग काय, कारण 'अतिशय' म्हणजे किती ते कुठेच नाही. मी स्वतः एका चॅनेलला लिहून बघितलं होतं. तारीख, वेळ, कुठली जाहिरात, सगळं दिलं. उत्तर आलं की आमचं प्रसारण सर्व मानकांनुसार आहे. कुठली मानकं, किती आकडा, काही नाही. त्यांना खोटं तरी कसं म्हणणार? नियमात आकडाच नसेल तर तो मोडला हे सिद्ध कशाने करायचं? याच नियमात जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात, कोर्टात जातात, कारण बारा हा आकडा आहे. आवाजावरून कुणी भांडत नाही.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, २०१२ मध्ये जाहिरातींवरच्या नियमावलीत हा मुद्दा घेतला होता: जाहिरातीची आवाजाची पातळी कार्यक्रमापेक्षा जास्त नसावी. चॅनेलवाल्यांनी सगळ्याच नियमावलीला कडाडून विरोध केला, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर त्यात बारा मिनिटांचाच मुद्दा उरला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं. जागा राखलेली होती, आकडा भरायचा होता आणि आपण जागाच सोडून दिली.

'म्यूट करा' म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. माझी आई ८१ वर्षांची आहे. संधिवाताने बोटं वाकलीत, रिमोटचं छोटं बटण दाबायला तिला वेळ लागतो. कानाला यंत्र आहे. वय झालेल्या कानाची गंमत अशी नसते की सगळंच हळू ऐकू येतं. बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही, मधली जागा अरुंद होत जाते. डॉक्टर याला रिक्रूटमेंट म्हणतात. मालिकेतलं बोलणं कळावं म्हणून आई आवाज वाढवते, आणि ब्रेक लागला की तोच आवाज तिच्या डोक्यात जातो. शेवटी तिने यंत्र काढून ठेवायला सुरुवात केली. मग मालिकाही कळेना. मी घरी आलो की विचारायची, "आज काय झालं रे त्या घरात?" संध्याकाळी सात ते दहा टीव्ही लागलेला असेल तर मर्यादेत राहूनही ३६ मिनिटं जाहिराती होतात. छत्तीस मिनिटं हात रिमोटवर ठेवून बसायचं का तिने?

यजमानांचा मुद्दा मात्र हलका नाही. सरकारने टीव्हीत हात घातला की तो कुठे थांबेल, ही भीती रास्त आहे. जाहिरात हाही अभिव्यक्तीचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात मान्य केलेलं आहे. पण आवाजाची पातळी ठरवताना काय बोलायचं याला कुणी हात लावत नाही. जाहिरातदाराने तेच शब्द, तेच गाणं, तोच हिरो वापरावा. ध्वनिप्रदूषणावरच्या २००५ च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की बोलायचा हक्क म्हणजे ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्याला ऐकायला भाग पाडायचा हक्क नव्हे. टीव्ही म्हणजे चौकातला भोंगा नाही, तो बंद करता येतो, हे मला मान्य आहे. पण मालिका बघायचं आपण ठरवतो, आवाजाची पातळी आपण ठरवतो, आणि ती आपल्याला न विचारता बदलली जाते, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाजार आपोआप सुधारेल असं कुणी म्हणालं तर मी माझ्या टेबलावरचं सांगतो. दिवाळीच्या आधी एका सराफांची जाहिरात मिक्स करत होतो. मी सौम्य ठेवली होती, गाणं छान खुलत होतं. मालकांनी ऐकली, आवडली. मग म्हणाले, "पण आमच्या आधीची आणि नंतरची जोरात असणार. मध्ये आमची मेल्यासारखी वाटेल." त्यांचं चुकलं नव्हतं. मी लिमिटर खाली ओढला आणि गाण्याचा जीव गेला. अशी एकट्याने माघार घेता येत नाही. सगळ्यांना एकदम खाली यायला लावणारं कुणीतरी लागतं, आणि ते नियमाशिवाय होत नाही. तसा नियम आला तर सगळ्यात आधी आम्ही मिक्सिंगवाले सुटकेचा श्वास सोडू. उणे २३ वर सगळे एकाच रेषेत आले की ठोकून भरलेल्या जाहिरातीला काही फायदा उरत नाही, कारण तिला उलट खाली खेचलं जातं. मग शांततेची एखादी जागा सोडणं परवडतं.

नियम कसा असावा याबद्दल दोन गोष्टी. एक, जबाबदारी चॅनेलच्या शेवटच्या आउटपुटवर असावी, जाहिरात बनवणाऱ्यावर नाही, आणि केबलवाले स्वतःच्या चॅनेलवर ज्या स्थानिक जाहिराती घुसडतात त्याही त्यात याव्यात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नुसती सरासरी पुरत नाही. पंधरा सेकंद कुजबुज आणि पाच सेकंद किंकाळी अशी जाहिरात सरासरीत पास होईल, आणि बाळ त्या पाच सेकंदांतच उठेल. युरोपात म्हणूनच छोट्या जाहिरातींसाठी वेगळी पुरवणी आहे: कुठल्याही तीन सेकंदांत उणे १८ च्या वर जायचं नाही. ही ओळ आपल्या नियमात नसेल तर मी त्या नियमाला अर्धाच म्हणेन.

तपासणार कोण, हा प्रश्न नेहमी येतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाचं दिल्लीत इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर आहे, तिथे चॅनेल्सचं प्रसारण आशयासाठी आधीच बघितलं जातं. त्याच प्रसारणावर लफ्सचा मीटर लावायला माणसं वाढवावी लागत नाहीत, ते सॉफ्टवेअरचं काम आहे. अमेरिकेत सगळा भार प्रेक्षकांच्या तक्रारींवर टाकलाय, आणि तक्रारी थांबल्या नाहीत म्हणून २०२५ मध्ये तिथल्या प्रसारण नियामकाला, एफसीसीला, पुन्हा लोकांची मतं मागवावी लागली. ती चूक आपण करू नये. आणि आत्ताच करायचं तर मोबाईलवरचं, ओटीटीवरचं सगळं धरून करावं. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये स्ट्रीमिंगवरच्या जाहिरातींसाठीही कायदा केला, जुलै २०२६ पासून लागू होणारा.

तोवर तुमच्या बाळासाठी: टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम', 'व्हॉल्यूम लेव्हलिंग' किंवा 'नाइट मोड' असं काहीतरी असेल, ते चालू करा. सेटटॉप बॉक्सच्या मेनूतही बघा. आवाज थोडा चपटा वाटेल, पण उसळी बरीच कमी होते. आणि तक्रार जरूर करा. २०२१ पासून प्रेक्षकाच्या तक्रारीवर चॅनेलला पंधरा दिवसांत निर्णय कळवावा लागतो. चॅनेल, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, जाहिरात कशाची ते लिहा, नियम ७ चा उल्लेख करा, आणि स्पष्ट विचारा: तुमच्या प्रसारणाची लफ्समधली पातळी किती? मला त्यांनी आकडा दिला नाही. चाळीतल्या वीस बिऱ्हाडांनी एकाच आठवड्यात विचारला तर काय उत्तर येतं ते मला इथे नक्की कळवा. मसुदा लिहायला मदत लागली तर मी आहे.