जयपूरला पहिल्यांदा जाताय?

२००६ साली डिग्गी पॅलेसमध्ये सुरू झालेला जयपूर साहित्य महोत्सव २०२२पासून क्लार्क्स आमेर हॉटेलात भरू लागला. गाजलेल्या लेखकांची बरीच सत्रं नंतर यूट्यूबवर ऐकता येतात. त्यांच्यासाठी दिवसभर जागा धरून बसू नका. ज्या देशातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही, तिथल्या लेखकाला ऐका. हिंदी-राजस्थानी सत्रं तर चुकवूच नका. मला खरी देवाणघेवाण तिथे दिसते. प्रश्न विचारताना एखाद्या मराठी पुस्तकाचा दाखला जरूर द्या. परदेशी लेखकांपर्यंत आपलं साहित्य पोचावं, असं मला फार वाटतं. अनुवादात रस असेल, तर महोत्सवासोबतच भरणारा प्रकाशन-व्यवसायाचा मेळावा ‘जयपूर बुकमार्क’ बघा, तिथे प्रकाशक भेटतात. आणि हो, जानेवारीतली थंडी बोचरी असते, स्वेटर घ्या.