तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बचत गटाच्या वीस महिलांसाठी लठ्ठपणावर चार सत्रं घ्यायची आहेत, दर आठवड्याला एक तास. आराखड्यात मी अकरा उद्दिष्टं लिहिली : लठ्ठपणाबद्दल जागृती करणे, संतुलित आहाराचे महत्त्व पटवून देणे, महिलांचे वजन पाच किलोने कमी करणे वगैरे. ‘मोजता येतील अशी लिहा’ असा शेरा मारून कागद परत आला. वजनाचं तर मी मोजण्यासारखंच लिहिलं होतं ना? मग चुकलं कुठे?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आधी तुमच्या वाक्यांचा कर्ता शोधा. जागृती कोण करणार? तुम्ही. पटवून कोण देणार? तुम्हीच. ही तुमच्या कामाची यादी झाली. सत्रातून उठताना बाईला काय करता येईल, ते त्यात कुठेच नाही. वजनाचं वाक्य मोजता येतं खरं, पण चार तासांच्या शिकवण्याने पाच किलो उतरत नाहीत. वजनामागे झोप, थायरॉइड, चालू असलेली औषधं, घरात चुलीपाशी शब्द कोणाचा चालतो, असं बरंच असतं. ते वाक्य अख्ख्या कार्यक्रमाच्या फलितात टाका, तेही वर्षभराच्या हिशोबाने.

आरोग्य सहायिका असताना मीही असंच लिहायचे, ‘महिलांना आहाराचे ज्ञान होईल.’ धुळ्याकडच्या एका गावात सत्र संपल्यावर विचारलं, तेल कसं वापरायचं? सगळ्या एका सुरात, ‘कमी!’ मी खूश. मग जेवायला बसलो तर शेवभाजीवर बोटभर तर्री, आणि वाढणाऱ्या त्याच. मीही भाकरी चुरून ओरपली, खोटं कशाला बोलू. ‘कमी’ म्हणजे किती, हे मी शिकवलंच नव्हतं.

म्हणून ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ हे खोडा आणि डोळ्यांना दिसेल असं क्रियापद घ्या : मोजेल, ओतून दाखवेल, निवडेल. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले : शिकणारा काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि कितपत जमलं म्हणजे जमलं म्हणायचं. ते तेलाला लावून बघू.

आपल्याकडे तेल डब्याने येतं. समजा १५ किलोचा डबा पाच माणसांच्या घरात दोन महिने जातो. १५,००० ग्रॅमला पाचाने भागा, मग साठाने : माणशी रोज ५० ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ४५०. बैठं काम करणाऱ्या बाईला रोज २० ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पुरे, म्हणजे चहाचे चार-साडेचार चमचे. आता उद्दिष्ट लिहा : ‘घरचा डबा किती दिवस पुरतो आणि खाणारी तोंडं किती, यावरून प्रत्येक महिला माणशी रोजचं तेल गटात बसून काढेल, आणि २० ग्रॅम तेल चहाच्या चमच्याने वाटीत ओतून दाखवेल, वीसपैकी सोळा जणींना ते न सांगता जमेल.’ हिशोबाला शेजारीण मदत करेल, ओतायला अक्षरओळख लागत नाही. वाटीतलं तेवढंसं तेल बघून कोणीतरी म्हणेलच, ‘मंग आमी काय खावानं?’ तिथून तुमचं सत्र खरं सुरू होईल.

दुसरं, कंबर. आपल्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेघ धरतात. आकडा सगळ्या पाठ म्हणतील, पण टेप लावतील परकराच्या नाडीवर, निऱ्यांसकट! तिथे आलेल्या मापाला काही अर्थ नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप अंगाला टेकेल इतपतच. ‘मैत्रिणीची कंबर योग्य जागी मोजेल’ हे उद्दिष्ट झालं, आणि ‘नाडी सैल करून, दाराआड’ ही त्याची परिस्थिती. दाराआड हे मुद्दाम लिहा. मी एकदा ओसरीवर काटा मांडून एकीचं वजन मोठ्याने पुकारलं होतं. ती नंतर कधी आली नाही.

चालण्याबद्दल ‘आठवड्याला १५० मिनिटं’ सांगून भागत नाही, कारण ती मिनिटं जरा वेगाच्या चालीची हवीत. वेग ओळखायला घड्याळ नको. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणताना दम लागावा. आखाजीचं गाणं धरायला सांगा. सलग दोन कडवी झाली तर चाल मंद. ही परीक्षा गावच्या रस्त्यावरच घ्या, वैशाख असेल तर सकाळी सातच्या आत. केळीच्या बागेत दिवसभर राबणारीला मात्र हे उद्दिष्ट देऊ नका, ती तोंडावर हसेल.

संतुलित आहाराचं महत्त्व सरळ गाळा. तासाला एक उद्दिष्ट, फार तर दोन.

आणि पहिल्याच सत्रात सांगून ठेवा, नवा डबा फोडला की तारीख खडूने डब्यावरच लिहायची. महिन्याने घरभेटीला जाल तेव्हा प्रश्नावली पिशवीतच ठेवा. आधी डबा बघा.