दाखला मागण्याआधी

प्रिय मित्रा,

पत्र वाचलं. शाळेचं काय काय नकोसं झालंय ते पानभर लिहिलंस आणि सोडून काय करणार ते एका ओळीत उरकलंस: ‘बघू काहीतरी.’ त्या ओळीमुळेच हे उत्तर लांबणार आहे. शाळा सोडूच नकोस असं मी डोळे झाकून सांगणार नाही. पण ‘काहीतरी’साठी सोडायला माझा होकार नाही.

आधी सांग, नेमकं काय सुटायला हवंय? ‘शाळाच आवडत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला जरा खोदून विचारलं की बहुतेक वेळा काहीतरी छोटं आणि ठोस हाती लागतं. सातवीत अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात. आठवीत छेद असलेलं समीकरण आलं की पेन थांबतं. नववीत गणिताचा तास म्हणजे फळ्यावरचं मुकाट उतरवून घेणं. मग एके दिवशी गृहपाठ झाला नाही म्हणून दांडी. दुसऱ्या दिवशी ‘काल का नव्हतास?’ याला उत्तर नाही म्हणून पुन्हा दांडी. आठवड्याने जावं तर पुढचा धडा सुरू झालेला, त्यामुळे जायची आणखीच धास्ती. अशी शाळा कुणी ठरवून सोडत नाही, दांड्या साचत जातात आणि ती सुटते. तुझं असं काही असेल तर इलाज अपूर्णांकांवर करायला हवा. तो महिना-दोन महिन्यांत होतो. फक्त शिकवणाऱ्यासमोर ‘मला सातवीपासूनचं येत नाही’ एवढं बोलायची लाज सोडावी लागते.

त्रास निराळा असेल, म्हणजे कुणी मारत-छळत असेल, सकाळी अंथरुणातून उठायचंच बळ नसेल, तर बाकीचं पत्र नंतर वाच. आजच घरातल्या ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांग. तिथे शाळा बदलणं, काही काळ थांबणं, डॉक्टरांकडे जाणं, मला सगळं मान्य आहे. जिवापेक्षा हजेरी मोठी नाही.

आता शिक्षण सोडूनही मोठे झाले म्हणून तू लिहिलेले गेट्स आणि झुकेरबर्ग. (त्यांची नावं येणार हे मी धरूनच चाललो होतो.) दोघांनी सोडलं ते हार्वर्ड विद्यापीठ. शाळा दोघांनीही पुरी केली होती. आणि बाहेर पडताना हातात चालतं काम होतं, १९७५ मध्ये गेट्सच्या हातात मायक्रोसॉफ्टचं, २००४ मध्ये झुकेरबर्गच्या हातात फेसबुकचं. तुझ्या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध नाही.

तुझ्या जास्त कामाचा आहे आइन्स्टाइन. १८९४ च्या अखेरीस, पंधराव्या वर्षी, त्याने म्युनिकची शाळा सोडली. तिथली शिस्त आणि घोकंपट्टी त्याला सोसवत नव्हती, आईवडीलही इटलीला निघून गेले होते. पण बघ, निघताना त्याने डॉक्टरांचा दाखला घेतला आणि आपलं गणित किती पुढे गेलंय याचं गणिताच्या शिक्षकांकडून पत्रही घेतलं. पुढच्या वर्षी झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. गणित-भौतिकशास्त्र उत्तम, बाकीच्या विषयांत नापास. मग तो आराऊ या गावातल्या शाळेत पुन्हा वर्गात बसला आणि १८९६ मध्ये शालान्त परीक्षा पास होऊन झुरिकला गेला. त्या नव्या शाळेत मुलांना स्वतः विचार करू देत, तिथे तो रमला. म्हणजे त्याने एक शाळा सोडली आणि दुसरी पुरी केली. तुझ्या पत्रात दुसऱ्या शाळेचा विचार कुठेच नाही, हे मला खटकलं.

‘नंतर बाहेरून परीक्षा देईन’ हे म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत १९४२ मध्ये सैनिकांसाठी अशी समकक्ष परीक्षा सुरू झाली, ती जीईडी. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी ती पास झालेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची कमाई शाळा पुरी केलेल्यांपेक्षा अर्धवट सोडणाऱ्यांच्या जवळ जाणारी निघाली. डोकं कमी नव्हतं. हेकमन यांच्या मते कमी पडत होती ती चिकाटी, हाती घेतलेलं तडीस न्यायची सवय. बाहेरून परीक्षा देणं वाईट नाही, पण रोजचा अभ्यास तुला कोण करायला लावणार, हे आधी ठरव.

घरच्या पैशाच्या ओढाताणीबद्दल तू ओझरतं लिहिलंयस. तेच खरं कारण असेल तर सरळ सांग, लपवू नकोस. फीमाफी, शिष्यवृत्ती, रात्रशाळा, अर्धवेळ काम हे सगळं विचारून झाल्यावरही भागत नसेल, तर शाळा काही काळ थांबवणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही. पण तेव्हाही परत प्रवेश कसा मिळेल, किती वयापर्यंत मिळेल, हे शाळेकडून लेखी घे आणि गुणपत्रिका, दाखला सगळं स्वतःजवळ ठेव. पुढे कामाच्या धबडग्यात त्या कागदांसाठी खेपा घालणं जमत नाही, आणि कित्येकांचं परतणं तिथेच अडतं.

येत्या मोठ्या सुट्टीत तुला जे काम करावंसं वाटतंय ते रोज, दिवसभर करून बघ. कंटाळा येईल त्या दिवशीही कर. सुट्टी संपताना काय वाटतंय ते मला लिही. तोवर दाखल्यासाठी अर्ज करू नकोस. आणि मुख्याध्यापकांशी बोलायचं ठरवलंस तर मी बरोबर येतो, दिवस तेवढा आधी कळव.

तुझा,
काका